पालखी एसटीने गेली ती दोन वर्षं

२०२० आणि २०२१ सालच्या आजाराबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. त्या दोन वर्षांत आपल्या माणसांच्या मनाचं काय झालं, तेही या स्मरणिकेत नोंदलेलं असावं असं आम्हांला वाटतं.

मार्चच्या टाळेबंदीत चैत्री वारी गेली. आषाढीपर्यंत निवळेल, असं जो तो म्हणायचा. १३ जूनला आळंदीत मोजक्या माणसांत प्रस्थान झालं, पण पादुका तिथंच राहिल्या. दशमीला, ३० जूनला, त्या एसटीने पंढरीला गेल्या. एकादशीच्या महापूजेचा मान एरवी दर्शनरांगेतल्या जोडप्याला मिळतो. त्या साली रांगच नव्हती; मान मंदिरात विण्याचा पहारा करणाऱ्या वारकऱ्याला गेला. सरकारचा निर्णय आम्हांला तेव्हाही पटला होता. पण पटलं म्हणून सोसवतं असं थोडंच आहे!

ज्येष्ठ सरत आला तशी म्हातारी माणसं कासावीस झाली. काकड्याच्या वेळेला उठून बसायची आणि सांगायची, आज सासवड, उद्या जेजुरी, परवा वाल्हे. घरच्यांना वाटलं, भ्रम झाला. भ्रम कसला? पाय घरात होते, जीव वाटेवर. 'डिप्रेशन' हा शब्द आपल्यात कुणी काढत नाही. 'मन लागत नाही' एवढंच म्हणतात, आणि जेवण कमी होतं. त्यातून पाया पडायचं नाही, उराउरी भेटायचं नाही. वारकऱ्याला याहून मोठी शिक्षा कोणती?

मग नातवंडांच्या मोबाइलवर हरिपाठ सुरू केला. टाळ पुढंमागं पडायचे, पण आज कोण आलं नाही हे कळायचं. न आलेल्याला लगेच फोन जाई.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत दिंडीतली माणसं गेली. एरवी वारकऱ्याला आपण टाळ-मृदंगाच्या गजरात पोचवतो. यांच्यामागं भजन नाही, दहाव्याला चार माणसं. त्या साली आषाढीला पालख्या पुन्हा बसनेच गेल्या. ते दुःख तसंच साचून राहिलं. २०२२ला पायी वारी निघाली, तेव्हा दिवे घाटात जागच्या जागी बसून रडलेली धट्टीकट्टी माणसं आम्ही पाहिली आहेत. रिकाम्या जागा तिथं पहिल्यांदा दिसल्या.

दोघं जण अजून दिंडीत येत नाहीत. प्रस्थानाआधी आम्ही त्यांच्या घरी जाऊन बसतो. चहा होतो, वारीचा विषय आम्ही काढत नाही. गेल्या खेपेला त्यातल्या एकानं विचारलं, यंदा विणा कोणाकडे?