कुंपणाआडची कैकाडी

शहागडापाशी गोदावरी ओलांडून बीडमार्गे सोलापुरास जाणाऱ्यास १९४८ पूर्वी निजामाचे राज्य सोडून ब्रिटिश मुलखात शिरावे लागे. व्यापाऱ्यास ही सीमा जकातीपुरती जाणवे. भटक्या कुटुंबास मात्र तिच्यापलीकडे पोलिसांची नोंदवही भेटे. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ मध्ये प्रथम उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. गाढवांवर माल लादून फिरणाऱ्या कैकाड्यांचा धंदा रेल्वेने आधीच बुडविला होता. आता त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले.

सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली व काही काळ ती अमेरिकन मराठी मिशनकडे सोपविण्यात आली. हजेरी, बाहेर जाण्याचा परवाना, गिरणीतील काम आणि मुलांची शाळा हा तेथील क्रम होता. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूद कायद्यातच होती. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या मिशन-वसाहतींशी येथे साम्य दिसते. भेद इतकाच, की तेथे जमीन हिरावली गेली, येथे वाट.

पोलिसांच्या लेखी या लोकांची बोली म्हणजे चोरांची सांकेतिक भाषा. वस्तुतः ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ च्या खंडात कैकाडीची गणना तमिळच्या बोलींत झालेली होती. म्हणजे शास्त्राने जिला कूळ दिले, तिच्या बोलणाऱ्यांना शासनाने पुढे पाच-सहा वर्षांतच गुन्हेगार ठरविले! शाळेत मराठी, गिरणीत मराठी. तथापि कैकाडी घरात उरली. एकाच जातीची घरे एका आवारात कोंडल्याने, तिला पुसू पाहणाऱ्या व्यवस्थेनेच नकळत तिचा संसार राखला, असे अनुमान करण्यास जागा आहे.

अर्थात जे टिकले ते सारेच जपण्याजोगे होते असे नाही. कंजारभाटांची जातपंचायतही टिकली, आणि तिच्या कौमार्यपरीक्षेविरुद्ध २०१८ मध्ये पुण्यात त्याच समाजातील तरुणांना उभे राहावे लागले.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा मात्र मुंबईत १९४७ मध्येच झालेला होता, त्यामुळे संशयाला नवे नाव शोधावे लागले नाही. सोलापुरातील त्या वस्तीला लोक अजूनही 'सेटलमेंट'च म्हणतात.