न्हायचा दिवस

आमच्या गावाकडे बायका केस धुवायच्या नाहीत, डोकं न्हायच्या. त्यात अर्धा दिवस जायचा. आदल्या रात्री शिकेकाईच्या शेंगा, मूठभर रिठे आणि चिमूटभर मेथी भिजत पडायची. सकाळी त्याला उकळी आणून कुस्करायचं, फडक्यानं गाळायचं. न्हाणं घटकाभरात उरकायचं. खरं काम पुढेच असायचं, ते वाळवण्याचं.

त्याचे नियम कुणी लिहिलेले नव्हते, पण घरोघर तेच. केस पिळायचे नाहीत. जुन्या धोतराचा मऊ पंचा डोक्याला गुंडाळून पाणी टिपू द्यायचं. ओल्या केसांत फणी घालायची नाही, आधी बोटांनी गुंता सोडवायचा, तोही टोकाकडून वर. ऊन कोवळं हवं. पावसाळ्यात किंवा बाळंतिणीसाठी निखाऱ्यांवर ऊद टाकायचा, वर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर केस पसरायचे. ओलसर केसांचा अंबाडा घातला की डोक्याला कुबट वास यायचा आणि मग बोलणी ठरलेली.

या नियमांत तथ्य आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. पाणी आत शिरलं की त्यातले काही बंध सैल पडतात, केस फुगतो, ताणला जातो आणि ओढला तर चटकन तुटतो.

आमच्या घरात हे सर्वांत जास्त कळायचं ते आजोबांच्या आत्याला. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. लाल आलवण, कपाळापर्यंत पदर आणि पदराखाली केस नाहीत. तेराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून न्हावी मागच्या दारानं येत राहिला. आम्हा पोरींचे केस मात्र तिच्याच हातांनी वाळायचे. शेवटी ती फणीतली गुंतवळ बोटाला गुंडाळून बघायची. गुंतवळ लहान निघाली की तिला बरं वाटायचं.

मी एकदा विचारलं, "आत्याआजी, तुझे केस केवढे होते गं?"

तिनं माझ्या कमरेला बोट टेकवलं. "इथवर," म्हणाली, आणि पुढचा गुंता सोडवायला लागली.

ती लहान होती त्याच काळात, 1890 साली, मुंबईत वेगळंच घडत होतं. 'दीनबंधु'चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं तिथल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर, त्यांनीच तो खाली ठेवला. ते वारं आमच्या गावच्या वेशीपर्यंत आलं नाही. आत्याआजी गेली ती आलवणातच.

शेतकरी आणि मजुरांच्या घरांत आमच्याकडे ही रीत नव्हती, पण तिथे केस वाळवायला उसंतही नव्हती. खुरपणीला येणाऱ्या बायका ओल्या केसांचाच बुचडा बांधून, पदर खोचून निघायच्या. माझी आई म्हणायची, "अगं, केस तरी वाळू देत." त्यातली एक हसून सांगायची, "ऊन रानात बी हाय की, वैनी." मोकळ्या केसांनी ओट्यावर बसणं हे आमच्या आईच्या वाट्याला आलेलं सुख होतं. तेवढा वेळ तिला कुणी पाणी आण, भाकरी टाक असं म्हणत नसे. आठवड्यात ती एरवी बसलेली मला आठवत नाही.

पुढे गावात वीज आली, टपरीवर शॅम्पूच्या पुड्या लटकल्या आणि नातींच्या हाती ड्रायर आला. त्याला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. 2011 साली कोरियातल्या संशोधकांच्या प्रयोगात असं दिसलं, की ड्रायर 15 सेंटिमीटर लांब धरून सतत हलवत ठेवला, तर केस आपोआप वाळू देण्यापेक्षाही नुकसान कमी होतं. जवळून तापवले तर मात्र केसाचा वरचा थर खराब होतो. घाई नडते, ती पंचानं केलेली असो की यंत्रानं.

नातीला मी एवढंच सांगते, पिळू नकोस, घासू नकोस, आधी बोटांनी मोकळे कर. आणि केस वाळेपर्यंत कुणी काम सांगितलं, तर खुशाल म्हण, माझं डोकं ओलं आहे.