लादी, गिरह आणि बगदादची बैठक

मार्च २०२३ मध्ये गणितातली एक बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. गणिताची बातमी पहिल्या पानाच्या जवळपास पोहोचणे तसे दुर्मीळच. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या ब्रिडलिंग्टन गावात राहणाऱ्या डेव्हिड स्मिथ यांना तेरा बाजूंचा एक आकार सापडला होता. तो टोपीसारखा दिसतो म्हणून त्याला ‘हॅट’ म्हणू लागले. स्मिथ गणिताचे प्राध्यापक नाहीत. छपाईच्या क्षेत्रात तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालेला हा माणूस आकारांशी खेळण्याच्या छंदातून तिथे पोहोचला.

या आकारात विशेष काय, ते समजायला घरातली जमीन बघा. चौकोनी लाद्या असोत की षटकोनी, त्यांची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते. संपूर्ण नक्षी उचलून एक घर पुढे सरकवली तर ती स्वतःवरच अचूक बसते. ‘हॅट’ तसे होऊ देत नाही. या एकाच आकाराच्या लाद्यांनी कितीही मोठी जमीन फटी न ठेवता भरता येते, पण नक्षी कधीही, कुठेही, सरकवून स्वतःवर बसत नाही. असे होणे शक्य आहे का, हा प्रश्न जुना. १९६६ मध्ये रॉबर्ट बर्जर यांनी पहिल्यांदा हे करून दाखवले, पण त्यासाठी २०,४२६ वेगवेगळ्या लाद्या लागल्या. १९७४ पर्यंत रॉजर पेनरोज यांनी ती संख्या दोनवर आणली. दोनवरून एकावर यायला मात्र जवळजवळ अर्धे शतक गेले.

अशी बातमी आली की आपल्या मोबाइलवर तिचे दुसरे रूप यायला वेळ लागत नाही. “हे तर इस्फहानच्या मुस्लिम कारागिरांनी पाचशे वर्षांपूर्वीच करून ठेवले होते!” सोबत निळ्या मीनाकामाचा एक सुंदर फोटो. वर्गातली मुले असे मेसेज घेऊन येतात आणि विचारतात, सर, हे खरे आहे का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपत नाही, म्हणून हा लेख.

फोटोतली इमारत खरी आहे. इराणमधल्या इस्फहानचा दर्ब-ए-इमाम हा दर्गा, बांधकाम १४५३चे. फेब्रुवारी २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या दोन अमेरिकी संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. तेव्हा लू हार्वर्डचे विद्यार्थी होते. इराण, इराक, तुर्कस्तानातल्या इमारतींवर एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्यांची जी नक्षी दिसते तिला फारसीत ‘गिरह’ म्हणतात, म्हणजे गाठ. ही नक्षी पट्टी आणि कंपास घेऊन एकेक रेघ ओढून काढली असणार, असे सर्वसाधारणपणे मानले जाई. लू आणि स्टाइनहार्ट यांचे म्हणणे असे की साधारण १२०० सालापासून कारागिरांकडे पाच आकारांचा एक संच होता: दशकोन, पंचकोन, लांबट षटकोन, समभुज चौकोन आणि डमरूसारखा एक आकार. पाचांच्याही बाजू सारख्या लांबीच्या. प्रत्येकावर रेघा ठरलेल्या. आकार शेजारी शेजारी मांडले की रेघा जुळून अखंड पट्टी तयार होते आणि खालचे आकार नजरेआड होतात. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात कारागिरांच्या नमुन्यांची एक लांबलचक गुंडाळी जपलेली आहे. तिच्यातल्या काही नमुन्यांत हे खालचे आकार फिकट लाल रेघांनी दाखवलेले दिसतात.

(उर्दू शिकवताना मला याची नेहमी गंमत वाटते. पंचकोनाला आपल्याकडे मुखम्मस म्हणतात आणि षटकोनाला मुसद्दस. पाच आणि सहा ओळींच्या कडव्यांच्या कवितांचीही हीच नावे. शायर आणि गवंडी, दोघांचे शब्द एकाच खाणीतले.)

दर्ब-ए-इमामची नक्षी या सगळ्यांच्या पुढची आहे. तिथे मोठ्या आकारांच्या आत त्याच आकारांची लहान आवृत्ती भरलेली आहे. ही युक्ती तशीच पुढे चालू ठेवली तर कधीही पुनरावृत्त न होणारी नक्षी मिळू शकते. लू आणि स्टाइनहार्ट यांनी ती पेनरोजच्या लाद्यांत रूपांतरित करून पाहिली, तेव्हा ३,७०० लाद्यांपैकी फक्त ११ ठिकाणी नियम मोडलेला आढळला. त्या चुकाही अशा, की दोनचार तुकडे फिरवले की दुरुस्त होतील. बसवताना किंवा नंतरच्या डागडुजीत त्या झाल्या असाव्यात.

मग मेसेज खरा की खोटा? कारागिरी थक्क करणारी आहे, यात वाद नाही. पण भिंत संपते. एका भिंतीवरच्या नक्षीवरून ती अनंतापर्यंत पुनरावृत्त होणार नाही हे सिद्ध होत नाही, आणि तसे सिद्ध करायचा प्रयत्न त्या कारागिरांनी केल्याचा पुरावा हाती नाही. त्यांना हा प्रश्न या स्वरूपात पडला होता, हेही कुठे लिहिलेले नाही. लू आणि स्टाइनहार्ट यांनी स्वतः हे स्पष्ट म्हटले. शिवाय इस्फहानला पाच आकार होते आणि ‘हॅट’ची सगळी बातमी ‘एक’ या संख्येची आहे. ‘आम्ही आधीच केले’ हे वाक्य आपल्याकडे इतर समाजांतही भरपूर वापरले जाते. पुष्पक विमानाच्या गोष्टीला आपण हसतो, तेव्हा इस्फहानच्या गोष्टीला तोच काटा लावायला हवा.

आणि तो लावला तरी आपल्या हातात बरेच उरते. त्यासाठी इस्फहानच्या आणखी पाचशे वर्षे मागे, दहाव्या शतकातल्या बगदादला जावे लागेल.

अबुल वफा अल-बुझजानी. जन्म ९४०, खुरासानातल्या बुझजानचा. वयाच्या विशीत तो बगदादला आला आणि त्या काळच्या पहिल्या फळीच्या गणितज्ञांत गणला गेला. त्रिकोणमितीत त्याचे नाव आहे. पण त्याने एक पुस्तक खास कारागिरांसाठी लिहिले: कारागिराला लागणाऱ्या भूमितीच्या रचना, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. त्यात गणितज्ञ आणि कारागीर एकत्र बसत त्या बैठकीचा उल्लेख येतो. एकदा प्रश्न निघाला, सारखे तीन चौरस कापून, काही वाया न घालवता, एकच मोठा चौरस कसा करायचा? मोठ्या चौरसाची बाजू किती हे गणितज्ञाला लगेच काढता आले, पण तुकडे कसे कापायचे ते सांगता येईना. कारागिरांनी कापून दाखवले. डोळ्यांना बरोबर वाटणारे, पण मोजले तर चुकणारे. बुझजानी दोघांनाही सोडत नाही. एकाला सिद्धता येते पण हात चालवायची सवय नाही, दुसऱ्याचा हात चालतो पण डोळ्याला पटले की तो थांबतो, अशी त्याची तक्रार आहे.

मग तो स्वतःची रीत देतो. दोन चौरस कर्णावर कापा. मिळालेले चार त्रिकोण तिसऱ्या चौरसाच्या चार बाजूंना, कर्णाची बाजू चिकटवून, चक्रासारखे एकाच दिशेने लावा. प्रत्येक त्रिकोणाचा एक कोपरा चौरसाच्या कोपऱ्याशी जुळवायचा, दुसरा पुढे निघू द्यायचा. आता त्रिकोणांची काटकोनाची चार टोके सरळ रेषांनी जोडा. रेषेबाहेर उरलेले तुकडे कापले की ते आतल्या रिकाम्या जागांत बरोबर बसतात. पुठ्ठा आणि कात्री घेतली तर सातवीतली मुले पंधरा मिनिटांत हे करतात, आणि ‘असे का होते’ हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो. ही रीत अचूक आहे, आणि ती हातानेही करता येते.

आखातात राहून आलेल्यांना ‘मुहंदिस’ हा शब्द ठाऊक आहे, इंजिनिअर. तो ‘हंदसा’वरून आला, म्हणजे भूमिती. बुझजानीच्या बैठकीत ही भूमिती आणि ती करवत एकाच सतरंजीवर बसली होती. आज आपल्या मोहल्ल्यात लादी बसवणारा, जाळी कोरणारा, वेल्डिंग करणारा मिस्त्री आहे आणि गणितात एमएस्सी झालेली मुलगीही आहे. त्यांची गाठ फक्त लग्नाच्या पंगतीत पडते.

स्मिथ यांच्या बाबतीत नेमकी ती गाठ पडली. त्यांनी संगणकावर आकार पाहिला, जाड कागदावर त्याच्या प्रती कापल्या आणि टेबलावर मांडत गेले. नक्षी पुन्हा येत नाही हे त्यांच्या हाताला जाणवले. बुझजानी म्हणतो तसे डोळ्याला पटले, पण ते तिथे थांबले नाहीत. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे क्रेग कॅप्लन यांना त्यांनी लिहिले. मग जोसेफ मायर्स आणि खाइम गुडमन-स्ट्रॉस आले, आणि चौघांच्या नावाने सिद्धता प्रसिद्ध झाली.

त्यावर एक आक्षेप आला. ‘हॅट’ने जमीन भरताना काही लाद्या उलट्या करून, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारख्या, वापराव्या लागतात. कागद उलटा करता येतो. एका बाजूने चकाकी चढवलेली लादी पालथी घालता येत नाही. मग हा एक आकार की दोन? बगदादच्या बैठकीत हा प्रश्न पहिल्यांदा एखाद्या कारागिरानेच विचारला असता. मे २०२३ मध्ये त्याच चौघांनी ‘स्पेक्टर’ नावाचा दुसरा आकार दिला. त्याच्या बाजू वाकड्या केल्या की तो पालथा घालून बसतच नाही, आणि तरीही जमीन भरतो.