काचेतला दर्या

"अब्बू, लोणारचं पाणी आणलं तर? तेही खारंच आहे ना?"

दहावीची परीक्षा संपल्या संपल्या माझ्या धाकट्याने हा प्रश्न टाकला. घरी समुद्र करायचा, हे त्याच्या डोक्यात भरलं होतं. गोड्या पाण्यातले रंगीत मासे नाहीत, थेट प्रवाळाची टाकी. तीही उथळ: तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि उंचीला फक्त एक फूट. मोबाइलवर पाहून पाहून त्याने सगळी वही भरली होती. आमचं डोणगाव मेहकर तालुक्यातलं. मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या वर. उन्हाळ्यात नळ येतो त्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून भांडी भरायला धावतो. अशा घरात समुद्र! मला हसू आलं. पण लोणारचा प्रश्न काही हसण्यावारी नेता येईना.

अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तीत वऱ्हाड सुभ्याची, त्यातल्या मेहकर सरकारची नोंद आहे आणि लोणारचीही आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल तिथे मिळतो, असं तो लिहितो. वाळूत हा खार मिसळला की ती कमी आचेवर वितळते, म्हणून काच करणाऱ्याला त्याची गरज. म्हणजे टाकीला लागणाऱ्या दोन गोष्टी, काच आणि खारं पाणी, चारशे वर्षांपूर्वीच आमच्या परिसराच्या नावावर लिहिल्या गेल्या होत्या!

पण ते पाणी समुद्राचं नव्हे. लोणारचा खारटपणा सोड्याचा. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या थोडा वर असतो, लोणारचा १० च्या आसपास. या मोजपट्टीवर एक अंक वाढला की अल्कलीपणा दहापट वाढतो. त्या पाण्यात समुद्रातला मासा टिकत नाही, तिथे वेगळेच सूक्ष्मजीव राहतात. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं, आठवत असेल. तो रंग अशाच मीठप्रिय जीवांचा होता. शिवाय ते अभयारण्य आहे, तिथून कळशी भरून आणायची नसते. स्वयंपाकाच्या मिठानेही भागत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असं बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं. पोराने वहीत आकडा लिहिलाच होता: एका लिटरला ३५ ग्रॅम सागरी मिठाचं मिश्रण. वाळू आणि दगड टाकल्यावर टाकीत उरणारं पाणी १३० लिटर धरलं, म्हणजे साडेचार किलो मीठ.

इतिहास हा माझा जुना नाद. बी.एड.ला असतानाही पाठ घ्यायचा म्हटलं की मी फिरून फिरून इतिहासच घ्यायचो. तेव्हा समुद्र काचेत भरायची ही खोड माणसाला लागली कधी, हे शोधू लागलो.

सिसिलीतल्या मेसिना शहरात जान विल्प्र-पॉवर नावाची फ्रेंच बाई राहत होती. १८३२ च्या सुमारास तिने समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या करून घेतल्या. प्रवाळाची गोष्ट मात्र लंडनच्या अ‍ॅना थिनपासून सुरू होते. १८४६ साली ती टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली आणि तिथल्या थंड पाण्यातल्या कपासारख्या प्रवाळाच्या प्रेमात पडली. प्रवासात ते हलू नये म्हणून तिने सुई-दोऱ्याने ते स्पंजाला टाचलं आणि समुद्राच्या पाण्यात घालून लंडनला आणलं. नवं समुद्रपाणी रोज कुठून आणणार? मग तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, परत पहिल्यात, रोज अर्धा-पाऊण तास. त्याने पाण्यात हवा मिसळायची. हे ओतण्याचं काम करायची मोलकरीण. पुढे थिनबाईने समुद्री शेवाळ आणून टाकलं, शेवाळाने प्राणवायू पुरवला आणि तिचं प्रवाळ वर्षानुवर्षं जगलं. तिचं नाव पुस्तकांत आलं. मोलकरीण बिननावाचीच राहिली.

हे मी घरी जेवताना सांगितलं तेव्हा मुलाची अम्मी म्हणाली, "म्हणजे इथेही ओतायचं काम माझ्याकडेच येणार." खोटं नव्हतं. त्याकडे येतोच.

१८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याने पुस्तक लिहिलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ केला. लॅटिनमध्ये या शब्दाचा जुना अर्थ गुरांना पाणी पाजायची जागा. आपल्याकडे त्याला डोण म्हणतात! गावाच्या नावाशी याची सांगड घालायचा मोह झाला होता, पण पोरांना पुराव्याशिवाय बोलू नका म्हणून शिकवणाऱ्याने तो आवरलेला बरा.

गॉसचं पुस्तक वाचून बैठकीच्या खोलीत समुद्र ठेवायची टूम निघाली. लोक हातोड्या आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर तुटून पडले. गॉसचाच मुलगा एडमंड याने १९०७ साली वडिलांवर आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात तो हळहळतो: ज्या खडकांतल्या डबक्यांचं सौंदर्य वडिलांनी जगाला दाखवलं, ती डबकी गोळा करणाऱ्यांनी ओरबाडून नेली. वडिलांना याचं किती वाईट वाटलं, हेही तो लिहितो. हा भाग मी दोनदा वाचला. एखादी गोष्ट आवडायला शिकवणं आणि ती ओरबाडायला शिकवणं यांच्यात अंतर फार थोडं असतं, आणि मास्तर लोक नेमके त्याच जागी उभे असतात.

त्या टाक्यांपैकी बहुतेक काही दिवसांत सडत. कारण कळायला आणखी वेळ लागला. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे काम जिवंत सूक्ष्मजीवच करतात हे १८७७ मध्ये दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सांडपाण्यावर प्रयोग करून दाखवलं. टाकीत ही वस्ती बसायला महिना-दीड महिना जातो. तोवर मासा टाकायचा नाही. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन इंग यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहून सांगितलं, की समुद्रातले जिवंत दगड, ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगतं. त्या दगडांच्या भोकांत ही जिवाणूंची वस्ती आयतीच असते. आज ज्या घरात प्रवाळ आहे, त्याचा धागा या माणसापर्यंत जातो.

आता उथळपणा. पोरगा म्हणाला, उथळ टाकीत पाण्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून हवा जास्त मिसळते, आणि उजेड तळापर्यंत पोचतो. प्रवाळाच्या अंगात शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करून प्रवाळाला देतं. मी म्हटलं, अरे, हे तर आपल्या हौजाचं गणित. हनफी फिकहमध्ये 'दह दर दह' म्हणजे दहा हात लांब, दहा हात रुंद हौजाला वाहत्या पाण्याचा दर्जा आहे. खोली किती? ओंजळ भरताना तळ उघडा पडू नये एवढी. भर खोलीवर नाही, पसाऱ्यावर आहे. वुजूच्या हौजात मासे सोडायची रीतही जुनी. औरंगाबादच्या पाणचक्कीच्या हौदातले मासे मी लहानपणी अब्बांच्या बोटाला धरून पाहिलेत. कायद्याचं कारण वेगळं, शास्त्राचं वेगळं, हे मला कळतं. पण दोन्हीकडे पाण्याकडे पाहणारी नजर सारखी वाटली, एवढंच.

पसाऱ्याची किंमत मात्र आम्ही मेमध्ये मोजली. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालून पातळी राखावी लागते. डोणगावच्या उन्हात त्या टाकीतून रोज तीन लिटर उडायचं, पंखा लावला तर चार. पाणी २६-२७ अंशांवर राहायला हवं आणि खोलीत ३८. बर्फ भरलेल्या बाटल्या पाण्यात तरंगत ठेवायच्या, वीज गेली की हाताने पाणी ढवळायचं. घालायचं पाणीही बोअरचं चालत नाही, गाळून शुद्ध केलेलं लागतं. आमच्या घरचं यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर टाकतं. म्हणजे १३० लिटरचा समुद्र भरायला ३९० लिटर सांडलं. ते मुलाच्या अम्मीने बादल्यांत धरलं, त्यात भांडी घासली, फरशी पुसली. एक दिवस शेजारच्या चाची दोन हंडे उसने मागायला आल्या तेव्हा टाकीवरचा निळा दिवा लागलेला होता. त्या काही बोलल्या नाहीत. मी दिवा बंद केला.

जूनमध्ये टाकी तयार झाली आणि प्रवाळाची वेळ आली. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराशी पोराचं फोनवर ठरलं होतं, कापून ठेवलेला दगडी प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून ट्रॅव्हल्सने येणार होता. मी कागद मागितले. दुकानदार म्हणाला, "मास्तर, सगळेच ठेवतात." आणि फोन ठेवला.

खडक बांधणारी सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मी पोराला तसं सांगितलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "हाजीअलीची कशी उचलली?"

त्याला ठाऊक होतं. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती २०२० मध्ये हलवल्या गेल्या. वनखात्याची परवानगी होती, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची देखरेख होती. मी म्हणालो, ती परवानगीने हलवली, जगावीत म्हणून. तो म्हणाला, "मीही जगवलीच असती. आणि रस्ता नसता तर हलवावी लागली असती का?" पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं: बर्फाच्या बाटल्यांवर, वीज गेलेल्या रात्री, नसती जगली. दुसऱ्याला मी उत्तर दिलं नाही. दुकानदाराला पाठवलेले आगाऊ पैसे बुडाले. पोरगा चार दिवस माझ्याशी तोडून बोलला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईला नातेवाइकांकडे गेलो तेव्हा हाजीअलीला ओहोटीची वेळ पाहून पोचलो. भरतीत दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते, ओहोटीत दोन्ही बाजूंचे काळे खडक उघडे पडतात आणि खळग्यांत वीतभर पाणी साठून राहतं. उथळ टाकी म्हणतात ती हीच. गर्दी डोक्यावर रुमाल बांधून दर्ग्याकडे चालली होती. आमचा पोरगा कठड्याशी उकिडवा बसून एका डबक्याकडे पाहत होता. पाणी गढूळ, पिशव्या, हार, एक खेकडा. मागे नवा रस्ता. फातेहा पढून आम्ही परत आलो तरी तो तिथेच होता.

टाकी आता बैठकीत आहे. पाणी निम्मं केलंय. समुद्रातला दगड नाही, भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे आहेत, त्यांवर जांभळट थर धरू लागलाय. दोन विदूषक मासे आहेत, टाकीतच जन्मलेले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास बसवल्यापासून त्यांच्यासाठी समुद्रात जाळं टाकायची गरज उरलेली नाही. काचेवर बाहेरून पेनाने रेघ मारलीय. पाणी रेघेखाली उतरलं की भर घालायची, हे काम पोराच्या दादीने स्वतःकडे घेतलंय. फजरनंतर ती चष्मा लावून रेघ पाहते. काल दीड लिटर लागलं.