बहुपदी निवडण्याची कुळकथा

दोन-अडीचशे अंकी संख्येचे अवयव पाडायचे तर तिला एकेका मूळ संख्येने भागून पाहण्याचा शाळकरी मार्ग कामाचा नाही. अशा संख्यांसाठी आज वापरतात ती पद्धत म्हणजे संख्याक्षेत्र चाळणी. तिची पहिली पायरी बहुपदी निवडण्याची. ज्या बहुपदीच्या किमती लहान येतात आणि छोट्या मूळ संख्यांत सहज फुटतात, अशी बहुपदी आधी हुडकावी लागते. लहान किमतींमागे लागण्याची ही खोड मात्र संगणकाहून फार जुनी आहे.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्याला, ती स्पष्ट दिसते. एका वर्गाला 61 ने गुणून 1 मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच यावा, असा तो वर्ग कोणता? भास्कराचार्य 8 पासून सुरुवात करतात, कारण 8 चा वर्ग 61 हून फक्त 3 ने मोठा. पुढचा गुणक असा घ्यायचा की त्याच्या आणि 8 च्या बेरजेला 3 ने नि:शेष भाग जाईल आणि त्या गुणकाच्या वर्गाचे 61 शी अंतर कमीत कमी राहील. तो येतो 7. त्यातून 39 आणि 5 ही जोडी निघते: 39 चा वर्ग 1521, 5 च्या वर्गाची 61 पट 1525, फरक फक्त उणे 4. इथून थोड्याच पायऱ्यांत 1766319049 आणि 226153980 हे उत्तर हाती येते. हीच चक्रवाल पद्धत. तिचा आरंभ भास्कराचार्यांचा नव्हे. 1073 मधल्या एका टीकेत ती जयदेव या आधीच्या गणितज्ञाच्या नावावर आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ मात्र शिकवले जात राहिले. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके 1128 च्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, आणि बाजारातल्या करातून मठाला दिलेल्या उत्पन्नाचा तपशील चक्क जुन्या मराठीत आहे.

इथून आधुनिक चाळणीपर्यंत सरळ वंशावळ लावता येत नाही; युरोपातल्या गणितज्ञांनी तीच वाट स्वतंत्रपणे काढली. 61 चाच प्रश्न फर्माने 1657 मध्ये आव्हान म्हणून मांडला होता. अवयव पाडण्यासाठी दोन वर्गांची वजाबाकी वापरण्याची युक्तीही त्याच्याच नावाने ओळखली जाते. नारायण पंडिताच्या 1356 च्या गणितकौमुदीत ती आधीच आहे.

ही युक्ती 1513 वर करून पाहता येते. 39 पासून वर जात प्रत्येक वर्गातून 1513 वजा करायचे आणि बाकी पूर्ण वर्ग येते का ते पाहायचे. 8, 87, 168, 251 अशा बाक्या येत जातात. पूर्ण वर्ग उगवतो तो थेट 53 ला. 1920 च्या दशकात बेल्जियमच्या मोरिस क्रायत्चिकने वाट पाहणेच सोडून दिले. एक बाकी वर्ग नसेना का, दोन-चार बाक्यांचा गुणाकार वर्ग झाला तरी भागते. 39 ची बाकी 8, 45 ची 512. गुणाकार 4096, म्हणजे 64 चा वर्ग. 39 गुणिले 45 म्हणजे 1755, त्यातून 1513 गेले की 242. आता 242 वजा 64 म्हणजे 178, आणि 178 व 1513 यांचा मसावि 89. उरला 17. (39 चा वर्ग 1521 इथेही भेटतो, तो निव्वळ योगायोग.)

8 आणि 512 कामी आले ते त्यांत 2 शिवाय दुसरा मूळ अवयव नाही म्हणून. 251 स्वतःच मूळ संख्या, तिचा उपयोग शून्य. बाकी जितकी लहान तितकी ती अशी फुटण्याची शक्यता जास्त. म्हणून लेमर आणि पॉवर्स यांनी 1931 मध्ये वर्गमुळाच्या सततच्या अपूर्णांकातून लहान बाक्या काढण्याची वाट सुचवली. चक्रवालाशी या वाटेचे गणिती नाते सख्खे आहे. 1970 मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी तिने 39 अंकी सातवी फर्मा संख्या फोडली.

1981 मध्ये कार्ल पॉमरन्सने वर्गचाळणी आणली. वरच्या यादीत 41 ची बाकी 168 ला 7 ने भाग जातो, तर सात घरे पुढे 48 च्या 791 लाही तो जाणारच. मग प्रत्येक बाकी भागून कशाला पाहायची? धान्य चाळावे तशी सगळी यादी एकदम चाळता येते. अडचण अशी की वर्गमुळापासून लांब गेले की बाक्या, म्हणजे ‘क्षाचा वर्ग वजा 1513’ या बहुपदीच्या किमती, फुगतात. पीटर माँटगोमेरीने त्यावर अनेक बहुपद्या वापरण्याचा तोडगा काढला: एकीच्या किमती फुगू लागल्या की दुसरी घ्यायची. मग एकेका यंत्राला वेगळी बहुपदी देणे ओघानेच आले. 1988 मध्ये लेन्स्ट्रा आणि मनासी यांनी ईमेलने काम वाटून 100 अंकी संख्या फोडली. 1977 पासून आव्हान म्हणून पडून असलेली 129 अंकी संख्या 1994 मध्ये सुमारे 600 स्वयंसेवकांनी आठ महिन्यांत मोडली. तेव्हा बहुपद्या मुबलक होत्या, साधारण सारख्याच तोलाच्या. निवडीचा प्रश्नच नव्हता.

तो आला संख्याक्षेत्र चाळणीबरोबर. जॉन पोलार्डची 1988 मधली ही कल्पना खास घडणीच्या संख्यांसाठी होती. नवव्या फर्मा संख्येला 8 ने गुणले की 2 चा 515 वा घात अधिक 8 मिळतात, म्हणून 1990 मध्ये तिच्यासाठी क्षाचा पाचवा घात अधिक 8 ही देखणी बहुपदी आयती मिळाली. कुठल्याही सामान्य संख्येला असे भाग्य नसते. तिथे दहाऐवजी एखादी प्रचंड संख्या पाया धरून मूळ संख्या त्या पायात लिहायची. जे अंक येतील तेच बहुपदीचे सहगुणक. पाया बदलला की बहुपदी बदलते, आणि पाये अगणित. त्यांतली एकच सगळ्या कामाला वापरायची. ती सुमार निघाली तर पुढची कित्येक महिन्यांची चाळणी तेवढीच रखडते.

चांगली कोणती, हे ठरवण्याचे माप ब्रायन मर्फीने 1999 च्या प्रबंधात घडवले. किमती किती लहान येतात एवढेच त्यात पाहत नाहीत; छोट्या मूळ संख्यांनी त्यांना किती वेळा भाग जातो हेही जमेस धरतात. किंचित मोठ्या पण हमखास फुटणाऱ्या किमती देणारी बहुपदी कधीकधी सरस ठरते. थॉर्स्टन क्लाइनयुंगच्या 2006 मधल्या पद्धतीत आधी अग्रसहगुणक, म्हणजे सर्वांत वरच्या घाताचा सहगुणक, धरायचा, मग त्याला साजेसा पाया काढायचा.

अशा शोधात निवडीचे काम अनेकांत वाटणे सोपे जाते. अग्रसहगुणकांचे पट्टे पाडून प्रत्येकाला एक द्यायचा. शेजारच्या पट्ट्यात काय चालले आहे याची कोणाला गरज नाही. निकाल म्हणून लाखोंतल्या मोजक्या बहुपद्या पाठवायच्या, म्हणजे काही ओळी. चाळणीत मात्र डोंगराएवढी आकडेवारी गोळा करावी लागते. आलेल्या बहुपद्या मर्फीच्या मापाने क्रमाने लावतात आणि वरच्या थोड्यांची नमुन्यापुरती चाळणी करून पाहतात, कारण मापात शेजारी असलेल्या दोन बहुपद्यांत प्रत्यक्षात कोणती वेगवान, ते नुसत्या मापावरून पक्के कळत नाही.

थांबायचे कधी, हा यातला खरा व्यवहार: निवडीला घातलेला वेळ चाळणीत वसूल व्हायला हवा. 2009 च्या डिसेंबरात फुटलेल्या 232 अंकी आरएसए-768 या संख्येसाठी सहाव्या कोटीची बहुपदी निवडली गेली. निवडीला 80 प्रोसेसरांवर अर्धे वर्ष लागले. चाळणीला शेकडो यंत्रांवर जवळजवळ दोन वर्षे. निवडीचा खर्च चाळणीच्या सुमारे 3 टक्के होता.