छत्तीस गुण आणि एक हब

मुलाचं लग्न जुळवणं सोपं. सायकलचं चाक जुळवणं महाकठीण. आमच्या बंड्याने, म्हणजे पुतण्याने, वर्षभर पैसे साठवून माउंटन बाइकच्या मागच्या चाकासाठी हलकं हब आणलं, बारा चकत्यांची कॅसेट आणली (सौ.ला वाटलं, नाट्यगीतांची!) आणि ऐन मुहूर्तावर वधूवरांनी एकमेकांचं तोंड पाहायला नकार दिला. कॅसेट हबवर बसेचना.

"काका, जरा जोर लावा."

लावला. आवाज आला, पण माझ्या कमरेतून.

बंड्याचा चेहरा पाहवेना. वर्षाची शिल्लक हो! पण दोष त्याचा नव्हे, इतिहासाचा.

आमच्या वडिलांच्या सायकलला गिअर एकच. फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवलं की झालं. भानगड सुरू झाली ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात. १९७६ साली गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी जाड टायरांच्या जुन्या सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती लावू लागली. दोन मैलांच्या आत १,३०० फूट उतार! ब्रेक हबच्याच पोटात. पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि ते नव्याने भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'.

उतरणं जमलं, पण चढायचं कसं? मग गिअर आले. चकत्या वाढल्या तसं आट्यांवरचं फ्रीव्हील रुंद झालं. छर्रे राहिले आत, त्यामुळे आधार नसलेलं एक्सलचं टोक वाकू लागलं. १९७८ साली शिमानोने फ्रीहब आणलं. फ्रीव्हीलची यंत्रणा हबलाच जोडली, छर्रे टोकाशी नेले आणि चकत्या खाचांवर नुसत्या सरकवायच्या. एक्सल वाचला; पण खाचा आल्या आणि खाचांबरोबर पत्रिका आल्या. पुढे अकरा दात्यांची सर्वांत लहान चकती दहाची करायची टूम निघाली. ती जुन्या खाचांवर मावेना. म्हणून २०१२ साली स्रामने 'एक्सडी' काढलं, तर २०१८ साली शिमानोने 'मायक्रो स्प्लाइन'. शिवाय हबची रुंदी आधी १३५ मिलिमीटर, मग १४२, मग १४८. तेव्हा खरेदीआधी तीन गुण पाहावेत: फ्रेममधली रुंदी, एक्सलची जाडी आणि खाचांचं गोत्र. उरलेले तेहेतीस वजनाच्या नावाने सोडून द्यावेत.

सुदैवाने बऱ्याच हबांवरचा तो खाचांचा भाग सुटा बदलता येतो. बंड्याच्या हबचाही आला. नवरदेव तोच, पगडी नवी! लग्न लागलं.

"काका, दीडशे ग्रॅम वाचले!" बंड्या आनंदाने ओरडला आणि सिंहगडाकडे निघण्यापूर्वी त्याने दोन प्लेट मिसळ हाणली.