रेस्पिरेटरी थेरपिस्टचा बायोडाटा : कौशल्ये कशी लिहाल?

आयसीयूत पेशंटला व्हेंटिलेटर लावणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची सेटिंग्ज बदलणे, ऑक्सिजन, बायपॅप, नेब्युलायझेशन देणे, हे काम रेस्पिरेटरी थेरपिस्टचे. कोविडच्या काळात या कामाची ओळख घराघरात झाली. आज आपल्याकडची मुलं-मुलीही हा कोर्स करतात. पण नोकरीचा अर्ज लिहिताना बरेच जण 'मेहनती, टीमसोबत काम करणारा, व्हेंटिलेटर मॅनेजमेंट' एवढंच लिहून मोकळे होतात. असं तर प्रत्येकच उमेदवार लिहितो. मग तुम्हाला वेगळं काय येतं, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

काम नेमके लिहा

प्रत्येक कौशल्यासोबत तीन गोष्टी हव्यात : कोणते पेशंट, कोणते यंत्र किंवा पद्धत आणि तुम्ही स्वतः काय केले. उदाहरणार्थ, 'व्हेंटिलेटर येतो' याऐवजी असे लिहा : 'मोठ्यांच्या मेडिकल आयसीयूत व्हॉल्यूम कंट्रोल, प्रेशर कंट्रोल व प्रेशर सपोर्ट मोडवरील पेशंटची देखरेख, व्हेंटिलेटर काढण्यापूर्वीच्या श्वास चाचणीत सहभाग.' हाताळलेल्या व्हेंटिलेटरची कंपनी व मॉडेलही लिहा. नवजात बालकांच्या आयसीयूतला अनुभव वेगळा दाखवा, कारण ते काम वेगळे असते.

कौशल्यांचे गट पाडा

- श्वासाचा आधार : व्हेंटिलेटर, बायपॅप, सीपॅप, हाय फ्लो ऑक्सिजन
- श्वासमार्ग : सक्शन, ट्रॅकिऑस्टॉमीची निगा, नळी घालताना डॉक्टरांना मदत
- तपासण्या : एबीजी, स्पायरोमेट्री
- प्रमाणपत्रे : बीएलएस, एसीएलएस, मुदतीची तारीख लिहाच. अमेरिकन हार्ट असोसिएशनची ही कार्डे २ वर्षे चालतात.
- भाषा : मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी. मास्क लावलेल्या घाबरलेल्या पेशंटला त्याच्या भाषेत समजावता येणे, हेही या कामात हुनरच आहे.

पाहिले, मदत केली, स्वतः केले

इंटर्नशिप नुकतीच संपली असेल तर लाजू नका. तीन शब्द प्रामाणिकपणे वापरा : 'पाहिले', 'मदत केली', 'स्वतः केले'. एबीजीचे रक्त स्वतः काढले नसेल, फक्त रिपोर्ट वाचला असेल, तर तसेच लिहा. मुलाखतीत हमखास विचारतात : पीएच ७.३५ ते ७.४५ च्या खाली गेला आणि कार्बन डायऑक्साइड वाढला, तर काय समजाल? एआरडीएसच्या पेशंटला टायडल व्हॉल्यूम किती ठेवाल आणि तो कोणत्या वजनावर मोजाल? बायोडाटातल्या प्रत्येक ओळीवर असा प्रश्न येऊ शकतो, हे धरूनच लिहा.

आखाती देशांसाठी

सौदी अरेबियात हेल्थ कमिशनचे आणि दुबईत हेल्थ अथॉरिटीचे लायसन्स लागते. त्यासाठी डिग्री आणि अनुभवाचे दाखले ते देणाऱ्या संस्थेकडूनच पडताळले जातात. म्हणून बायोडाटातल्या तारखा, पद आणि विभाग अनुभवपत्राशी तंतोतंत जुळवा. मध्ये खंड असेल तर तो झाकू नका, कारण लिहा.

एजंट म्हणतो, 'दोन वर्षं वाढवून लिहा, कोण बघतंय?' पालकांनीही याला होकार देऊ नये. पडताळणीत पकडले गेले तर लायसन्स हातचे जाते. आणि नाही पकडले, तर रात्रीच्या ड्युटीत अलार्म वाजेल तेव्हा न शिकलेले काम अंगावर पडेल. तिथे पणाला लागलेला श्वास कोणाच्या तरी आई-वडिलांचा असतो.